ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो. कॉम्बिनेशन स्विच बदलू की थांबू?

घोटीची मेडिकलवाली

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१५, मी दुसरी मालकीण. पुढचे-मागचे सगळे लाइट साध्या बल्बचे, एलईडी कुठेही घातलेला नाही. हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येणार.

राहते पाथर्डी फाट्याला, दुकान घोटीत. म्हणजे विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव हा रस्ता रोजचा. जाताना उजेड असतो, त्याचं काही नाही. परत निघेपर्यंत हिशोब करून, शटर ओढून नऊ वाजून गेलेले असतात, आणि या दिवसांत त्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की पुढचा कंटेनर फक्त त्याच्या लाल दिव्यांवरून कळतो. मागच्याला मीही तशीच कळणार. म्हणून हे प्रकरण मला लांबवायचं नाहीये.

गोंद्याच्या पंपावर एका टेम्पोवाल्याने काचेवर टकटक करून सांगितलं, "ताई, ब्रेक मारला की तुमचा डावा लाइट वाढायच्या ऐवजी उतरतो." घरी आल्यावर मुलाला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं आणि मी गाडीभोवती फिरले.

सगळे लाइट बंद असताना ब्रेक दाबला तर उजवा ब्रेक लाइट झकास लाल. डावा मात्र तांबूस, मिणमिणता. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाण फिका पेटतो, आणि पार्किंगमध्ये अंधार होता म्हणून दिसलं, नाहीतर दिसलंही नसतं, पुढचा डावा इंडिकेटरसुद्धा आतून जरासा नारिंगी होतो. न लुकलुकता, नुसता तेवत राहतो. पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला तर टेम्पोवाला म्हणाला तसंच, डावी बाजू आणखी मंद होते. डावा इंडिकेटर दिला तर टिकटिक घाईघाईने होते आणि त्या तालावर मागचा पार्किंग लाइट मिचमिचतो. उजवी बाजू ठणठणीत आहे.

फ्यूज सगळे काढून बघितले, शाबूत आहेत. मागचे डावे बल्ब नवीन घातले, काडीचा फरक नाही.

गॅरेजमध्ये नेली. त्यांनी मीटर लावला, मागच्या लाइटचा अर्थ, म्हणजे मायनसची पत्र्याशी असलेली जोडणी, तपासला, बीप आला. म्हणाले अर्थ ओके आहे, ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरला करंट जातोय म्हणजे स्टिअरिंगखालचा इंडिकेटर-हेडलाइटचा कॉम्बिनेशन स्विच आतून शॉर्ट झालाय. साडेचार हजार स्विचचे, मजुरी वेगळी. "ऑर्डर टाकू का?" मी म्हटलं थांबा.

मी औषधं विकते, वायरिंगमधलं कळत नाही. पण लक्षण एक आणि गोळी भलतीच अशी चिठ्ठी समोर आली की मला लगेच खटकतं. स्विच पुढे स्टिअरिंगखाली आहे, त्रास मागच्या एकाच लाइटच्या डब्यात आहे. तुम्हाला काय वाटतं?

गंगापूर रोडवाला

माझ्या गाडीला ब्रेक लाइटचा त्रास होता, तो ब्रेक पॅडलवरच्या छोट्या स्विचचा निघाला. दोनेकशे रुपयांत काम झालं. आधी तो बदलून बघा, स्वस्तात सुटाल. आणि कॉम्बिनेशन स्विच घ्यायचाच झाला तर नवा कशाला, भंगारात निघालेल्या गाडीचा मिळतो.

पिंपळगावचा बागाईतदार

ताई, बल्ब कोणता घातलाय ते बघा. मागे ब्रेक आणि पार्किंगला मिळून एकच बल्ब असतो, आत दोन फिलामेंट, २१ वॅट ब्रेकची आणि ५ वॅट पार्किंगची. त्याच्या बुडाला शिशाचे दोन ठिपके असतात आणि बाजूच्या दोन पिना वर-खाली असतात. इंडिकेटरच्या बल्बला ठिपका एकच. काही महाभाग एक ठिपकावाला बल्ब दोनच्या होल्डरमध्ये दाबून बसवतात. तो आतले दोन्ही कॉन्टॅक्ट जोडून टाकतो आणि मग ब्रेक दाबला की सगळीकडचे पार्किंग लाइट पेटतात. आमच्या पिकअपला हे झालेलं आहे, द्राक्षाच्या ऐन सीझनमध्ये.

घोटीची मेडिकलवाली

बागाईतदार दादा, बल्ब काढून पाहिला. ठिपके दोन आहेत, पिना वर-खाली आहेत, पितळेवर १२ व्होल्ट २१/५ वॅट असं कोरलेलं आहे. म्हणजे ते नाही.

गंगापूर रोडवाले, पॅडलचा स्विच दोन्ही ब्रेक लाइटना एकच असणार ना? मग उजवा झकास आणि डावा आजारी, हे कसं जमायचं?

सातपूरचा वायरिंगवाला

रामराम ताई. एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगमध्ये जन्म गेला, आता हात थरथरतो म्हणून फक्त सांगतो. स्विचची ऑर्डर टाकू नका. तुमच्या डाव्या मागच्या लाइटचा अर्थ गेलाय.

का ते समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी फसवणार नाही. बल्बला प्लस तारेने येतो आणि मायनस गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. मागच्या लाइटच्या डब्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर, रिव्हर्स अशी चार कामं असतात. प्रत्येकाची प्लसची तार वेगळी, पण परत जायला बहुतेक गाड्यांत सगळ्यांना मिळून एकच तार. बऱ्याच गाड्यांत ती काळी असते, जर्मन गाड्यांत तपकिरी. ती तिथेच जवळ पत्र्याला बोल्टने आवळलेली असते.

मोरी तुंबली की न्हाणीघरातलं पाणी शेजारच्या जाळीतून वर येतं, तसाच हा प्रकार. ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून खाली उतरला, पण अर्थला वाट मिळेना. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा चढतो, इंडिकेटरच्या तारेने गाडीभर प्रवास करून पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून जातो आणि तिथला अर्थ चांगला असल्यामुळे तिथे पत्र्यात उतरतो. बारा व्होल्ट एका बल्बाला मिळायचे ते तिघांत वाटले गेले, प्रत्येकाला चारेक. म्हणून तिघंही मिणमिणतात. डॅशबोर्डवरचा बाण त्याच तारेवर असतो, त्यालाही वाटणी मिळते. गॅरेजवाल्यांनी इंडिकेटरला करंट जातोय हे बरोबर पकडलं. फक्त तो स्विचकडून येत नाही, मागून उलटा येतोय.

आमच्याकडे पोरांना शिकवताना मी एवढंच सांगायचो. एक लाइट गेला तर बल्ब बघ. दोन्ही बाजूंचा एकच लाइट गेला तर फ्यूज आणि स्विच बघ. एकाच डब्यातले लाइट एकमेकांच्या कामात नाक खुपसायला लागले तर अर्थ बघ, दुसरीकडे हात घालू नको.

आता बीपचं. बीपवर जाऊ नका. मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळ्या प्रोबला लांब वायर जोडून ती थेट बॅटरीच्या मायनसला लावा, पत्र्याला नाही. लाल प्रोब मागच्या लाइटच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, काळ्या तारेच्या पिनेला टेकवा. कपलर जोडलेला आणि बल्ब जागेवर पाहिजे. मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. चांगल्या अर्थला शून्याच्या जवळपास दिसेल, दशांश एक-दोनपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर गंज आहे. तुमच्याकडे चारच्या वर दिसेल असं मी आत्ताच सांगतो.

मीटर नसेल तर तीच लांब वायर बॅटरीच्या मायनसपासून त्या काळ्या तारेच्या पिनेला टेकवा. लाइट जागच्या जागी सुधारला की समजा रोग सापडला. प्लसच्या पिनेला मात्र चुकून लावू नका, फ्यूज जाईल.

आणि एक सांगा. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात कधी काही काम झालंय का?

घोटीची मेडिकलवाली

काका, तुम्ही गाडी न बघता हे कसं ओळखलंत? उन्हाळ्यात द्वारकेच्या सर्कलला रिक्षाने मागून डाव्या कोपऱ्यात ठोकलं होतं. बंपर आणि क्वार्टर पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पण लाइटचा त्रास तेव्हा नव्हता हो, पाऊस लागल्यावर सुरू झालाय. रविवारी दुकान अर्धा दिवस असतं, तेव्हा मीटर लावते. मीटर मुलाच्या डिप्लोमाचा आहे, प्रोब धरायलाही तोच.

सातपूरचा वायरिंगवाला

मग झालंच. पेंटरने बोल्ट काढला असणार. कार्पेट सरकवून बघा.

गंगापूर रोडवाला

काका, पण गॅरेजवाल्याला बीप आला त्याचं काय? बीप म्हणजे तार तुटलेली नाही ना?

सातपूरचा वायरिंगवाला

तार तुटलेली नाही एवढंच कळतं, ती किती भार ओढेल ते कळत नाही. बीपच्या मोडमध्ये मीटर स्वतःच्या छोट्या बॅटरीतून मिलीअँपिअरमधला करंट सोडतो. तारेचा एक केस शिल्लक असला तरी तेवढा जातो. ब्रेकच्या बल्बाला लागतात पावणेदोन अँपिअर. २१ भागिले १२ करून बघा. शिवाय कितीतरी मीटर वीस-तीस ओहमलाही बीप देतात. २१ वॅटचा तापलेला बल्ब स्वतःच सात ओहमचा असतो. त्याच्या वाटेत पंधरा ओहमचा गंज बसला तर बल्ब पेटेल काय? पण मीटर बीप देणार, आणि मेकॅनिक म्हणणार अर्थ ओके. म्हणून म्हटलं, बल्ब चालू ठेवून मोजा. आमच्या काळी मीटर नव्हता, २१ वॅटचा बल्बच वायरींना जोडून टेस्ट लॅम्प करायचो. तो कधी खोटं बोलला नाही, कारण त्याला पेटायला खरा करंट लागतो.

घोटीची मेडिकलवाली

काका, सापडलं.

आधी मीटर. ब्रेक सोडलेला असताना शून्य. ब्रेक दाबल्यावर ६.१ व्होल्ट. मुलगा म्हणाला आई, पत्र्याला सहा व्होल्ट कसे असतील, प्रोब नीट लावला नसेल. परत लावला, परत तेच. मग बॅटरीच्या मायनसपासून लांब वायर ओढून त्या काळ्या तारेच्या पिनेला टेकवली. टेकवताक्षणी डावा ब्रेक लाइट उजव्याच्या बरोबरीने लाल, आणि डॅशबोर्डवरचा बाण गायब.

मग डिकीतलं डावीकडचं कार्पेट काढलं. ते खालच्या बाजूला ओलं होतं, कुबट वास. लाइटच्या डब्यामागे दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट, त्यात काळ्या तारेची थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी. वरून बघितलं तर काही कळत नाही, घट्ट आवळलेला होता, हाताने हलतसुद्धा नव्हता. खोलला तेव्हा कळलं. पत्र्यावर जिथे थिंबल बसते तिथे आधी पुट्टीचा फिकट थर, त्यावर पांढरा रंग, दोन्ही थिंबलच्या खाली जसेच्या तसे. बोल्ट आवळताना थिंबलच्या एका कडेने रंग नखाएवढा खरवडला होता, आणि गाडीचा सगळा डावा लाइट तेवढ्या ओरखड्यावर चालला होता. त्या ओरखड्यावर आता तपकिरी गंज होता. थिंबलच्या त्याच कडेला हिरवट-पांढरी भुकटी होती, बोटाने चोळली तर खडूसारखी निघाली.

पावसाचंही कोडं सुटलं. लाइटचा डबा परत बसवताना त्याच्या मागची फोमची पट्टी खाली दुमडली गेली होती, तिथून पाणी आत झिरपत होतं आणि थेट त्या बोल्टवर. उन्हाळ्यात ओरखडा कोरडा होता म्हणून भागलं.

पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, थिंबलही दोन्ही बाजूंनी घासली, मुंबई नाक्यावरून आणलेला दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीनचा जाड थर दिला. व्हॅसलीन दुकानातलंच. फोमची पट्टी नवीन चिकटवली. आता ब्रेक दाबून मोजलं तर ०.०४.

गॅरेजला फोन करून स्विच नको म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं काय निघालं, सांगितलं. पलीकडे जरा शांतता, मग म्हणाले, "बीप तर आला होता."

पिंपळगावचा बागाईतदार

वा! ताई, व्हॅसलीन आवळण्याआधी लावायचं की नंतर? आमचा मेकॅनिक ग्रीस आधीच फासतो.

सातपूरचा वायरिंगवाला

ताईंनी केलं ते बरोबर. धातूला धातू भिडला पाहिजे, ग्रीस फक्त बाहेरून पाणी अडवायला. नीट आवळलं तर आधी लावलेलं ग्रीसही दाबून बाजूला निघून जातं, म्हणून त्याचं फार मनावर घेऊ नका. ताई, कार्पेट उन्हात पूर्ण वाळवून मगच घाला, नाहीतर खालचा पत्रा गंजेल. आणि उजव्या बाजूचाही बोल्ट एकदा खोलून घासून घ्या, हात लागलेलाच आहे तर.

घोटीची मेडिकलवाली

करते. आता हेडलाइटचंही विचारून घेते. पावसात डिपरवर काही दिसत नाही. दुकानदार १००/९० वॅटचे बल्ब घाला म्हणतोय, आत्ता ६०/५५ चे आहेत. घालू का?

सातपूरचा वायरिंगवाला

घालू नका. दोन बल्ब १०० वॅटचे म्हणजे अप्परवर जवळजवळ १७ अँपिअर. तुमच्या वयाच्या कितीतरी छोट्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट त्याच कॉम्बिनेशन स्विचमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो. मग होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि गॅरेजवाल्याचे साडेचार हजार खरे ठरतात. फ्यूज उडायला लागला की लोक मोठा फ्यूज घालतात. तो लाल, दहाचा असेल तर त्या जागी निळा पंधराचा किंवा पिवळा वीसचा कधीही घालू नका. तार जळण्याआधी फ्यूज जळावा म्हणूनच तो तिथे असतो.

आधी मोजा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर किती आणि बल्बाच्या कपलरवर किती. बॅटरीवर १४ आणि बल्बावर साडेबारा असतील तर दीड व्होल्ट वाटेत सांडतोय. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्के घटतो, बल्बाचा स्वभावच तसा. अशा गाडीला रिले आणि फ्यूजसकट वेगळं वायरिंग करून घ्या, म्हणजे त्याच ६०/५५ मध्ये फरक दिसेल. व्होल्टेज चांगलं असेल तर हेडलाइटची काच पिवळी पडलीय का बघा, ती पॉलिश करून मिळते. आणि काचेवर पाऊस आणि समोर ओला काळा डांबरी रस्ता असला की कुठलाच बल्ब पुरत नाही, वेग कमी करा.

पिंपळगावचा बागाईतदार

काका, धागा संपायच्या आत माझंही बघा. ट्रॉलीचे मागचे लाइट शेतात उभी असताना नीट लागतात, रस्त्यावर खड्ड्यांत बसली की भूतबंगला. कधी लागतात, कधी नाही. हे पण अर्थच ना?

सातपूरचा वायरिंगवाला

ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत मायनसची वेगळी तार आहे का बघा. बहुतेक नसणार. मग अर्थ जातो हुकाच्या खिळ्यातून, आणि तिथे ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. ओढताना ताण असला की चिकटतो, खड्ड्यात ढिला पडला की सुटतो. कपलरच्या पिनेपासून ट्रॉलीच्या लाइटपर्यंत अडीच स्क्वेअर मिलिमीटरची एक काळी तार स्वतंत्र ओढा, दोन्ही टोकांना थिंबल घाला, आणि ट्रॉलीच्या चेसिसलाही एक टोक जोडा. तार चाकाला घासणार नाही अशी बांधा. सीझनच्या आधी करून घ्या, नाहीतर रात्री क्रेट भरलेल्या ट्रॉलीला मागून कुणीतरी ठोकेल.

पिंपळगावचा बागाईतदार

तार नाहीये, आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. हुकाला वंगण भरपूर आहे, मीच घालतो. उद्या बाजारातून तार आणतो. थिंबल क्रिम्प करून (पकडीने दाबून) चालेल की डाग (सोल्डर) द्यावा लागेल?

सातपूरचा वायरिंगवाला

चांगल्या पकडीने क्रिम्प केली तर चालेल, दातांनी किंवा हातोडीने नाही. डाग दिलेली तार कंपनाने डागाच्या कडेला तुटते, म्हणून ट्रॉलीला क्रिम्पच बरी. वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.